व्हॅनिटी व्हॅन

व्हॅनिटी व्हॅन हे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, वेबमालिका आणि जाहिराती यांच्या चित्रीकरणस्थळी कलाकारांची रंगभूषा, वेशांतर, भोजन व विश्रांती यांसाठी वापरले जाणारे मोटारवाहन आहे. बस किंवा मालमोटारीच्या सांगाड्यावर एक किंवा अधिक खोल्या, स्वच्छतागृह, वातानुकूलन यंत्र, पाण्याच्या टाक्या आणि वीजनिर्मितीची सोय बसवून ते तयार केले जाते. मुंबईच्या हिंदी चित्रपटव्यवसायात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस या वाहनाचा प्रसार झाला. त्याच्या प्रसाराचे श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लाँ यांना दिले जाते. अंधेरी, गोरेगाव, मालाड, मढ आणि लगतचा ठाणे परिसर हे या वाहनांचे प्रमुख कार्यक्षेत्र आहे.

चाकांवरच्या घरात राहून काम करण्याची जी पद्धत पाश्चात्त्य देशांत मोटारगृहांमुळे रूढ झाली, तिचे मुंबईतील सर्वांत जवळचे रूप म्हणजे व्हॅनिटी व्हॅन. मात्र येथे वाहनाचा दिवसा वापर करणारा आणि रात्री त्यात राहणारा माणूस बहुधा एक नसतो. कलाकार चित्रीकरण आटोपून घरी जातो. चालक आणि मदतनीस मात्र अनेकदा वाहनाबरोबरच मुक्काम करतात. यामुळे हे वाहन स्त्री-कलाकारांच्या प्रतिष्ठेचा आणि पडद्यामागील कामगारांच्या निवाऱ्याचा असे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उपस्थित करते.

नाव

इंग्रजीत सौंदर्यप्रसाधने ठेवण्याच्या पेटीला ‘व्हॅनिटी केस’ म्हणतात. पूनम धिल्लाँ यांच्या संस्थेचे नाव ‘व्हॅनिटी’ असे होते. तेच पुढे सर्व मेकअप-गाड्यांना सरसकट लावले गेले, आणि एका व्यवसायाचे नाव त्या प्रकारच्या वाहनाचे सामान्यनाम झाले. मुंबईतील सेटवर ‘व्हॅन’ हा शब्दही गाळून नुसते ‘व्हॅनिटी’ असे म्हटले जाते. मल्याळम, तमिळ आणि तेलुगू चित्रपटव्यवसायात याच वाहनाला ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. तो शब्द मुळात फारसी ‘कारवाँ’ म्हणजे प्रवाशांचा तांडा या अर्थाचा असून युरोपीय भाषांतून फिरून भारतात परत आला आहे.

मराठी रंगभूमीवर नटांच्या सजण्याच्या खोलीला ‘रंगपट’ म्हणतात. संस्कृत नाट्यपरंपरेत ‘नेपथ्य’ या शब्दाचा एक अर्थ हाच होता. आधुनिक मराठीत मात्र तो रंगमंचसजावट या अर्थाने स्थिरावला आहे. या दृष्टीने व्हॅनिटी व्हॅन म्हणजे चाकांवर फिरणारा रंगपट होय.

पूर्वपीठिका

कलावंतांनी बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८८० मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर नाटक मंडळी आणि १९१३ मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी यांसारख्या कंपन्या गावोगाव मुक्काम करीत. नट, वादक, आचारी आणि सामानसुमान यांसह सगळे कुटुंबच जणू हलत असे. तमाशाचे फड आजही जत्रांच्या हंगामात मालमोटारींतून सामान नेतात आणि राहुट्यांत मुक्काम करतात. कनातीच्या आडोशाला उभारलेली राहुटी हाच त्यांचा रंगपट असतो. जत्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजमध्ये मालमोटार हेच प्रक्षेपणयंत्राचे घर आणि चालकांचे शयनगृह असे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण या सर्वांना सारखीच लागू पडते.

चित्रपटसृष्टीची वाट थोडी वेगळी होती. बोलपटांच्या काळात कंपन्यांनी स्थिर स्टुडिओ उभारले आणि कलाकारांच्या सजण्याच्या खोल्या त्या आवारातच बांधल्या. मालाड येथे १९३४ मध्ये सुरू झालेली बॉम्बे टॉकीज, गोरेगाव येथील फिल्मिस्तान (१९४३) आणि चेंबूर येथील आर. के. स्टुडिओ (१९४८) ही मुंबई उपनगरांतील त्याची उदाहरणे आहेत. स्टुडिओच्या भिंतीआड काम असेपर्यंत फिरत्या रंगपटाची गरज भासली नाही.

चित्रीकरण रस्त्यावर, समुद्रकिनारी, डोंगरात आणि खेड्यांत होऊ लागल्यावर परिस्थिती बदलली. अशा ‘आउटडोअर’ कामाच्या वेळी जवळपासचे एखादे घर, बंगला किंवा विश्रामगृह मिळाले तर ठीक; नाही तर मोटारीत बसून, तंबूत किंवा झाडाझुडपांच्या आड कपडे बदलावे लागत. स्त्री-कलाकारांभोवती सहकारी स्त्रियांनी चादर धरून आडोसा करणे ही नित्याची गोष्ट होती. स्वच्छतागृह नसल्याने दिवसभर पाणी पिण्याचे टाळावे लागे. भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळी प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया या व्यवसायाकडे वळत नसत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियांच्या पदार्पणाचा मार्ग खुला झाला. त्यानंतरही अनेक दशके स्त्रीला कॅमेऱ्यासमोर जागा होती, पण कॅमेऱ्यामागे बंद दाराची खोली नव्हती.

हॉलिवूडमध्ये या गरजेसाठी दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावयाचे ‘ट्रेलर’ वापरात होते. केवळ स्वच्छतागृहे असलेल्या तेथील ट्रेलरला ‘हनीवॅगन’ असे विनोदी नाव आहे. भारतात मात्र अशा जोडगाड्यांऐवजी स्वतःच्या इंजिनावर धावणारी, बसच्या बांधणीची व्हॅन रूढ झाली. मुंबईचे अरुंद रस्ते, गर्दी आणि एकाच दिवसात स्थळ बदलण्याची पद्धत यांना तीच अधिक सोयीची होती.

भारतात चित्रपटाशी निगडित अशा मोटारगृहाचे एक वेगळे उदाहरण आंध्र प्रदेशातील आहे. अभिनेते एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्षाची स्थापना केली आणि शेवरोले बनावटीची एक जुनी व्हॅन फिरत्या व्यासपीठात रूपांतरित केली. ‘चैतन्यरथम्’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. प्रचारदौऱ्यात ते तिच्यात राहत, झोपत आणि तिच्या टपावरून भाषण करीत. जानेवारी १९८३ मधील निवडणुकीत त्यांचा पक्ष विजयी झाला.

मुंबईतील प्रसार

‘त्रिशूल’ (१९७८) आणि ‘नूरी’ (१९७९) या चित्रपटांमुळे प्रकाशात आलेल्या पूनम धिल्लाँ यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस मेकअप-गाड्या भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. आरंभी निर्मात्यांना हा अनावश्यक खर्च वाटत होता. परंतु कलाकारांना तयार होण्यासाठी दूरच्या हॉटेलात न्यावे-आणावे लागत नाही, सूर्यप्रकाशाचा वेळ वाचतो आणि दिवसाचे काम वाढते, हे लक्षात आल्यावर विरोध मावळत गेला. खासगी उपग्रह वाहिन्यांचा उदय याच दशकातला. रोज भाग प्रसारित करणाऱ्या मालिकांमुळे चित्रीकरणाचे दिवस वाढले आणि व्हॅनला वर्षभर मागणी निर्माण झाली.

यानंतर व्हॅन भाड्याने पुरवणारे स्वतंत्र व्यावसायिक उभे राहिले. काही आघाडीच्या कलाकारांनी स्वतःच्या मालकीच्या व्हॅन बनवून घेतल्या. शाहरुख खान यांच्यासाठी वोल्वो बसच्या सांगाड्यावर मोटाररचनाकार दिलीप छाब्रिया यांनी तयार केलेली व्हॅन त्यांपैकी विशेष गाजली.

मुंबई उपनगरांतील कार्यक्षेत्र

व्हॅनिटी व्हॅनचा वावर उपनगरांच्या भूगोलाशी जोडलेला आहे. गोरेगाव पूर्व येथे महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये चित्रनगरी स्थापन केली. सुमारे ५२० एकरांचा हा परिसर आता दादासाहेब फाळके चित्रनगरी या नावाने ओळखला जातो. येथे कायमस्वरूपी दालनांबरोबर उघड्यावरील चित्रीकरणस्थळे आहेत. मंदिर, चौक, तळे, वाडा अशा देखाव्यांमध्ये अंतर असल्याने दालनातील खोली प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही आणि व्हॅन लागते.

अंधेरी पश्चिमेस ओशिवरा, वीरा देसाई मार्ग आणि वर्सोवा या भागांत निर्मितीसंस्थांची कार्यालये, संकलनकेंद्रे व स्टुडिओ एकवटले आहेत. मढ बेटावरील बंगले मालिकांसाठी सतत वापरले जातात. वर्सोव्याहून मढला होडीने काही मिनिटांत पोहोचता येते; त्या होडीतून माणसे आणि दुचाक्या जातात. व्हॅनला मात्र मालाडहून मार्वे मार्गाने वळसा घालूनच जावे लागते. त्यामुळे कलाकाराच्या आधी कितीतरी वेळ व्हॅनला निघावे लागते. ठाण्यातील घोडबंदर मार्ग, मीरा रोड आणि नायगाव येथेही मालिकांचे सेट आहेत. बाहेरगावच्या स्थळांत साताऱ्याजवळील वाई आणि मेणवली यांचा क्रमांक वरचा आहे. ‘गंगाजल’ (२००३) आणि ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटांचे बरेचसे चित्रीकरण वाई परिसरात झाले. मुंबईच्या व्हॅन खंबाटकी घाट ओलांडून तेथे नेल्या जातात.

चित्रनगरी ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. त्यामुळे तेथे बिबट्याचा वावर असतो. जुलै २०२३ मध्ये चित्रनगरीतील एका मराठी मालिकेच्या सेटवर कर्मचारी उपस्थित असताना बिबट्या शिरल्याची घटना घडली. रात्री वाहनाजवळ थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब केवळ कुतूहलाची नाही.

रचना

टाटा, अशोक लेलँड, आयशर इत्यादी कंपन्यांच्या सांगाड्यांवर बहुतेक व्हॅन बांधल्या जातात. भारतीय नियमांनुसार रस्त्यावरील वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. भिंतींची जाडी वजा जाता आत जेमतेम सव्वादोन ते अडीच मीटर रुंदी उरते. सर्व सोयी या पट्ट्यात बसवाव्या लागतात.

व्यवसायात व्हॅनचे प्रकार दारांच्या संख्येवरून ओळखले जातात.

• सिंगल डोअर : संपूर्ण वाहन एकाच कलाकारासाठी. आत बैठकीची जागा, शयनस्थान, मेकअपची खुर्ची आणि स्वच्छतागृह असते.
• टू डोअर : दोन स्वतंत्र खोल्या, दोन स्वतंत्र दारे आणि सहसा दोन स्वच्छतागृहे. चित्रपट व मालिका यांत हा प्रकार सर्रास आढळतो.
• थ्री डोअर : तीन लहान खोल्या. दुय्यम भूमिकांतील कलाकार, वेशभूषा विभाग किंवा दिग्दर्शन विभाग यांच्यासाठी ही व्हॅन घेतली जाते.

प्रत्येक खोलीत मोठा आरसा असून त्याच्या कडेने दिवे असतात. समोरून व दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश पडल्याने चेहऱ्यावर सावली राहत नाही आणि रंगाचा थर समान बसतो. कपड्यांसाठी दांडी, कोनाडे, लहान शीतकपाट, दूरचित्रवाणी संच आणि उघडमीट होणारे आसन-शय्या ही नेहमीची साधने होत. चालकाचा कक्ष या खोल्यांपासून वेगळा असतो.

वीज आणि पाणी

दीड टनाचे वातानुकूलन यंत्र साधारणपणे दीड ते दोन किलोवॅट वीज घेते. पाणी तापवण्याच्या गीझरलाही तितकीच वीज लागते. ही गरज वाहनाच्या नेहमीच्या बॅटरीवर भागत नाही. म्हणून व्हॅनमध्ये स्वतंत्र जनरेटर बसवतात किंवा सेटवरील जनरेटर-गाडीतून तारेने वीज घेतात. दिग्दर्शकाने ध्वनिमुद्रण सुरू केले की जनरेटरचा आवाज अडथळा ठरतो. यासाठी व्हॅन कॅमेऱ्यापासून दूर उभी करतात.

पाण्याच्या दोन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी भरतात आणि दुसरीत मैला व सांडपाणी साठते. रोज एक टाकी भरणे आणि दुसरी योग्य ठिकाणी रिकामी करणे यांवर व्हॅनची स्वच्छता अवलंबून असते. बाहेरगावी मलनिस्सारणाची सोय नसते तेव्हा हे काम सर्वांत कठीण होते. हे काम मदतनीसाकडे असते.

कर्मचारी आणि दिनक्रम

प्रत्येक व्हॅनबरोबर सामान्यतः एक चालक आणि एक मदतनीस असतो. चालकाजवळ अवजड वाहनाचा परवाना असावा लागतो. मदतनीस झाडलोट, पाणी, वीजजोडणी, स्वच्छतागृह आणि दाराची किल्ली यांची जबाबदारी घेतो. याशिवाय कलाकाराचे रंगभूषाकार, केशभूषाकार, वेशभूषा सांभाळणारे आणि ‘स्पॉट’ यांची व्हॅनमध्ये ये-जा असते. सेटवर त्यांना ‘मेकअपदादा’, ‘ड्रेसदादा’, ‘स्पॉटदादा’ अशा नात्याच्या संबोधनांनी हाक मारण्याची प्रथा आहे. हे कामगार ज्या संघटनांचे सभासद असतात, त्यांपैकी अनेक संघटना फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज या महासंघाशी संलग्न आहेत.

मालिकांच्या चित्रीकरणाची पाळी सामान्यतः १२ तासांची असते. सकाळी सात किंवा नऊ वाजता पाळी सुरू होणार असेल, तर कलाकार त्याआधी तयार होण्यासाठी येतो आणि व्हॅन त्याच्याही आधी उभी असावी लागते. जागा पाहून गाडी समपातळीत लावणे, वीज जोडणे, खोली थंड करणे, पाणी भरणे ही कामे तोवर उरकलेली असतात. रात्री ‘पॅक-अप’ झाल्यावर खोल्या आवरून व्हॅन पुढच्या स्थळी न्यावयाची किंवा तेथेच ठेवावयाची असते. कलाकाराच्या बारा तासांना दोन्ही टोकांनी जोड मिळून व्हॅनच्या कर्मचाऱ्याचा दिवस तयार होतो.

व्हॅनमधील मुक्काम

एकाच सेटवर अनेक दिवस काम असेल किंवा बाहेरगावी चित्रीकरण असेल, तर व्हॅन हलवली जात नाही. आतील महागडे सामान आणि कलाकारांचे कपडे यांची राखणही करावी लागते. अशा वेळी चालक व मदतनीस व्हॅनमध्ये, चालककक्षात किंवा व्हॅनशेजारी झोपतात. उपनगरांतील घरभाडे आणि प्रवासाचा वेळ पाहता रोज घरी जाणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा प्रकारे चित्रीकरणाच्या काळात व्हॅन हेच त्यांचे कामाचे ठिकाण आणि निवासस्थान बनते.

हा मुक्काम मोटारगृहातील निवासापेक्षा स्वरूपतः भिन्न आहे. मोटारगृहात राहणारा ते घर स्वतः निवडतो, त्यातील खाट, चूल आणि पाणी त्याच्या मालकीचे असते. व्हॅनच्या कर्मचाऱ्याला त्याच वस्तू सांभाळण्यासाठी मिळतात, वापरण्यासाठी मिळतीलच असे नाही. गादी, वातानुकूलन आणि स्नानगृह वापरण्याची मुभा मालकाच्या किंवा निर्मितीसंस्थेच्या मर्जीवर अवलंबून राहते.

या मुक्कामात जिवाचा धोकाही असतो. जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून बंद वाहनात झोपल्यास धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू आत साचू शकतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट जोडला जातो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन कर्मचारी मृतावस्थेत आढळले. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरून हे मृत्यू झाल्याचे तपासात दिसून आले. जनरेटरचा कप्पा खोलीपासून पूर्णपणे बंदिस्त करणे, धुराची नळी वाहनाच्या बाहेर व वर नेणे, तळातील भोके बुजवणे, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवणे आणि झोपताना जनरेटर बंद ठेवून बाहेरची वीज घेणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

स्त्रिया आणि व्हॅनिटी व्हॅन

व्हॅनिटी व्हॅनने प्रमुख भूमिकांतील स्त्रियांना बंद दार आणि स्वच्छतागृह मिळवून दिले, हे तिचे सर्वांत मोठे कार्य मानले जाते. परंतु ही सोय सर्व स्त्रियांपर्यंत पोहोचलेली नाही. गर्दीच्या दृश्यांत काम करणाऱ्या कनिष्ठ कलाकार, नर्तिका, साहाय्यक दिग्दर्शिका आणि तंत्रज्ञ यांना स्वतंत्र व्हॅन क्वचितच मिळते. मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी २०१७ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती के. हेमा समितीने सेटवरील स्वच्छतागृहांचा आणि कपडे बदलण्याच्या जागेचा अभाव ठळकपणे नोंदवला. स्त्रिया कामाच्या वेळी पाणी पिणे टाळतात, हेही त्यात नमूद आहे. हा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर एका ज्येष्ठ अभिनेत्रीने एका सेटवरील कॅरॅव्हॅनमध्ये छुपे कॅमेरे वापरले गेल्याचे जाहीरपणे सांगितले. बंद दाराची खोलीसुद्धा सुरक्षित असेलच असे नाही, ही बाब त्यामुळे पुढे आली.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या निमित्ताने जावे लागणारे कोणतेही ठिकाण आणि मालकाने पुरवलेले वाहन यांचा ‘कामाच्या ठिकाणा’त समावेश होतो. त्यामुळे व्हॅनिटी व्हॅनला हा कायदा लागू पडतो.

आरशासमोर बसणाऱ्या स्त्रीइतकाच तिच्या चेहऱ्याला रंग लावणाऱ्या स्त्रीचा प्रश्नही महत्त्वाचा होता. मुंबईतील संबंधित कामगार संघटनेच्या नियमांनुसार स्त्रियांना केशभूषाकार म्हणून सभासदत्व मिळे, रंगभूषाकार म्हणून मिळत नसे. चारू खुराना विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा भेद घटनाबाह्य ठरवला. व्हॅनमधील मेकअपच्या खुर्चीमागे उभे राहण्याचा स्त्रियांचा हक्क यामुळे प्रस्थापित झाला.

कायदेशीर स्वरूप

भारतीय मोटारवाहन मानकांत ‘मोटार कॅरॅव्हॅन’ म्हणजे मोटारगृह या प्रकारासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आसने व मेज, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान साठवण्याची सोय ही मोटारगृहाची चार लक्षणे मानली जातात. व्हॅनिटी व्हॅनमध्ये सहसा स्वयंपाकघर नसते. जेवण सेटवरील भोजनव्यवस्थेतून येते. नोंदणीच्या दृष्टीने खासगी वापराचे कॅम्पर वाहन हे परिवहनेतर वाहनांत आणि व्यावसायिक वापराचे वाहन परिवहन वाहनांत मोडते.

जुन्या बसचे रूपांतर करून व्हॅन बनवण्यावर कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याच तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे रूपांतरित व्हॅनची तपासणी, नोंदणी आणि विमा यांना महत्त्व आले आहे.

कर्मचाऱ्यांच्या संदर्भात दोन कायदे विचारात घेतले जातात. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगारासाठी सामान्यतः दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. कामगारांना जेथे रात्री मुक्काम करावा लागतो, तेथे मालकाने विश्रामगृह किंवा पर्यायी निवारा पुरवावा, अशीही त्यात तरतूद होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आणि भाड्याने प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या उद्योगांसाठी तो कायदा होता. व्हॅनिटी व्हॅनचे भाडे मात्र प्रवासाचे नसून उभ्या वाहनातील जागेचे असते, म्हणून ती या व्याख्येत सरळ बसत नाही. चित्रपट कामगारांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा होता. तो कथाचित्रपटांपुरता मर्यादित होता. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हे दोन्ही कायदे विलीन करण्यात आले आणि श्रव्य-दृश्य माध्यमांतील कामगार या व्यापक संज्ञेचा स्वीकार झाला.

चित्रीकरणाबाहेरील उपयोग

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये मुंबईतील चित्रीकरण थांबले आणि व्हॅन जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या काळात काही व्हॅन मुंबई पोलिसांना बंदोबस्ताच्या ठिकाणी उपलब्ध करून देण्यात आल्या. दिवसभर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या महिला पोलिसांना त्यांतील स्वच्छतागृह आणि विश्रांतीची जागा विशेष उपयुक्त ठरली. एरवी ताऱ्यांच्या थाटाचे चिन्ह मानल्या गेलेल्या वाहनाची मूळ उपयुक्तता त्या वेळी सर्वसामान्यांच्या नजरेस आली. विवाहसमारंभ, क्रीडास्पर्धा, फॅशन शो आणि राजकीय दौरे यांतही या व्हॅन भाड्याने घेतल्या जातात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. निवासाची सोय असलेली पर्यटनवाहने आणि ती उभी करण्यासाठी वीज, पाणी व मलनिस्सारण यांनी सज्ज अशी कॅरॅव्हॅन पार्क ही त्या धोरणाची दोन अंगे आहेत. पर्यटकांच्या वाहनासाठी आवश्यक मानलेल्या या तीन सोयी चित्रीकरणस्थळी उभ्या राहणाऱ्या व्हॅनलाही तितक्याच लागतात.

टीका

एका व्हॅनऐवजी कलाकाराला विश्रांती, व्यायाम, स्वयंपाक आणि कर्मचारी यांसाठी अनेक व्हॅन पुरवाव्या लागतात, अशी तक्रार निर्मात्यांकडून होत आली आहे. २०२४ च्या सुमारास हिंदी चित्रपटांच्या वाढत्या खर्चाची चर्चा सुरू झाली, तेव्हा ताऱ्यांचा लवाजमा आणि त्यांच्या व्हॅन हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. ओळीने उभ्या राहणाऱ्या व्हॅनमुळे उपनगरांतील अरुंद रस्त्यांवर होणारी कोंडी, तासन्‌तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरचा धूर व आवाज आणि सांडपाण्याची विल्हेवाट याही बाबींवर आक्षेप घेतले जातात.

व्हॅनमुळे कलाकार व तंत्रज्ञ यांच्यातील सहवास कमी झाला, असेही म्हटले जाते. पूर्वी दोन दृश्यांच्या मधल्या वेळेत सर्वजण झाडाखाली खुर्च्या टाकून एकत्र बसत. आता कलाकार थेट व्हॅनमध्ये जातात. तथापि झाडाखालच्या त्या बैठकीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते, ही वस्तुस्थिती या तक्रारीबरोबर ध्यानात घ्यावी लागते. व्हॅनने कोणाला किती मोठी खोली दिली, यापेक्षा सेटवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला दार लावून घेता येईल अशी जागा आणि रात्री निर्धास्त झोपता येईल असा निवारा मिळतो की नाही, हा निकष कामगार संघटना आणि अभ्यास समित्या यांच्या मागण्यांच्या केंद्रस्थानी येत आहे.

हे सुद्धा पहा

• मोटारगृह
• दादासाहेब फाळके चित्रनगरी
• टुरिंग टॉकीज
• तमाशा
• रंगभूषा
• पूनम धिल्लाँ